काळी चार की काळी तीन: संगीत नाटकातल्या एका अभिनेत्रीच्या आवाजाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका नाट्यसंस्थेतलं आहे. संस्था जुनी संगीत नाटकं करते, राज्य संगीत नाट्य स्पर्धेत उतरते आणि दिवाळीनंतर कोकण-गोव्याचा दौरा काढते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या अभिनेत्रीला संस्थेत सगळे ‘बाई’ म्हणतात, म्हणून इथेही बाईच.

बाई तेव्हा एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. वडील कीर्तनाला पेटीची साथ करायचे, त्यामुळे गाणं घरातच होतं. पुढे रीतसर तालीम झाली. चोविसाव्या वर्षी संस्थेच्या ‘संगीत सौभद्र’मधली सुभद्रा लग्न होऊन परगावी गेली आणि ती भूमिका बाईंकडे आली. त्यानंतर ‘संशयकल्लोळ’मधली रेवती, ‘मानापमान’मधली भामिनी आणि पस्तिशीनंतर ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी. दिवसा त्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवायच्या. संगीत नाटकावर घर चालत नाही, आणि संस्थेतल्या कोणाचंच चालत नव्हतं. नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, मिळायची ती प्रवासखर्च आणि साड्यांच्या ड्रायक्लीनिंगमध्ये जायची.

या भूमिकांचं ओझं काय असतं ते आधी सांगायला हवं. किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’च्या मूळ संहितेत (१८८२) शंभरावर पदं आहेत. आज त्यातली बहुतेक गाळली जातात, तरी सुभद्रेच्या वाट्याला भरपूर उरतात. ‘स्वयंवर’ (१९१६) त्याहून अवघड, कारण भास्करबुवा बखल्यांनी त्याच्या चाली ख्यालाच्या अंगानं बांधल्या आहेत. ‘नाथ हा माझा’ म्हणजे जवळजवळ यमनची बंदिशच. आणि हे सगळं गायचं नऊवारी शालू, दागिने आणि गंगावनाचं वजन अंगावर घेऊन, मध्ये गद्य बोलत, हालचाली सांभाळत. ‘स्वयंवर’ची पदं मुळात बालगंधर्वांच्या, म्हणजे पुरुषाच्या, गळ्यासाठी बसवलेली होती हेही विसरून चालत नाही. स्त्रिया संगीत रंगभूमीवर ठामपणे उभ्या राहिल्या त्या नंतर. ज्योत्स्नाबाई भोळे १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये आल्या, तिथून पुढे हे चित्र बदलत गेलं.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. जयमालाबाई शिलेदारांसारख्या अभिनेत्री गायच्या त्या स्वतःच्या संस्थेत. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ साली ‘मराठी रंगभूमी’ काढली. तिथे नायिका आणि मालकीण एकच, त्यामुळे प्रयोग कधी लावायचा, पट्टी कोणती (म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर धरायचा; काळी चार म्हणजे सप्तकातली चौथी काळी, काळी तीनपेक्षा उंच), विश्रांती किती, यात तिचा शब्द चालायचा. आमच्या प्रकरणातल्या बाई सतरा वर्षं नायिका असूनही संस्थेत एका अर्थी पाहुण्याच होत्या. तारखा व्यवस्थापक ठरवायचे, पदांची काटछाट दिग्दर्शक करायचे आणि बाई शाळेतून रजा काढून पोचायच्या.

अडचण

पहिली खूण पावसाळ्यात दिसली. ‘सौभद्र’च्या तालमीत ‘वद जाऊ कुणाला शरण’ घेताना तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, आवाज क्षणभर फाटला. बाईंनी पाणी प्यायलं, पुन्हा घेतलं, लागला. कोणी काही बोललं नाही. गणपतीत चार प्रयोग झाले. त्यानंतर सकाळी उठल्यावर आवाज जड असायचा, दहा वाजेपर्यंत खुलायचा नाही, आणि प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात बोलणं कठीण जायचं. हळू गाताना, विशेषतः वरच्या स्वरांवर, नुसता वारा यायचा. जोर लावला की मात्र सूर लागायचा. ही शेवटची खूण सगळ्यात घातक ठरली, कारण जोर लावून काम निभतंय म्हटल्यावर त्या जोर लावत गेल्या.

उपाय सगळे घरचे चालू होते: ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीच्या पाण्याच्या गुळण्या, आणि आदल्या रात्री मौन. त्यांचा तोटा काही नव्हता. फक्त त्यामुळे आपण काळजी घेतोय असं वाटत राहिलं आणि डॉक्टरकडे जाणं पाच महिने लांबलं.

डिसेंबरमध्ये गोव्याचा दौरा होता, जत्रांमधले तीन प्रयोग. ज्यांनी तिथे नाटक केलंय त्यांना ठाऊक आहे की पालखी झाल्यावर, रात्री उशिरा पडदा वर जातो, मंडप उघडा असतो आणि पहाटेपर्यंत दव पडत राहतं. प्रेक्षक जाणकार. पद रंगलं की वन्स मोअर येतो आणि तो नाकारणं उद्धटपणाचं समजलं जातं. पहिल्या प्रयोगानंतर बाईंचा आवाज पूर्ण बसला. दुसरा प्रयोग एक दिवस सोडून होता.

निर्णयाचा पहिला क्षण हा. व्यवस्थापकांनी जवळच्या गावातल्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी सूज उतरवणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि सोबत बजावलं की आवाज मोकळा झाला तरी तो बरा झालेला नाही, जपून वापरा. आवाज मोकळा झाला. दुसरा प्रयोग इतका रंगला की दोन पदांना वन्स मोअर मिळाला आणि बाईंनी दोन्ही दिले. तिसऱ्या प्रयोगात तिसऱ्या अंकापर्यंत आवाज टिकला, पुढची पदं त्यांनी जवळजवळ बोलून नेली.

त्या रात्री इंजेक्शन घ्यावं की प्रयोग रद्द करावा, असा प्रश्न प्रत्यक्षात कोणी विचारलाच नाही. आपल्याकडे त्याची पद्धतच नाही. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, तरी त्यांनी प्रयोग केला, ही गोष्ट प्रत्येक तालीमघरात सांगितली जाते. ती ऐकून माझेही डोळे भरून येतात. पण सांगताना आपण तिचा नियम करून टाकतो, आणि मग बसलेल्या घशाची तक्रार करणारी नटी स्वतःच्याच नजरेत लहान होते. बाई मला म्हणाल्या, “तिथं दोन हजार माणसं थंडीत बसलेली. मी घशाचं काय सांगणार?”

निदान

जानेवारीत पुण्यात घशाच्या तज्ज्ञांकडे तपासणी झाली. नाकातून बारीक दुर्बीण घालून, लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची हालचाल संथ करून दाखवतात, ती स्ट्रोबोस्कोपी. दोन्ही स्वरतंतूंवर, पुढचा तिसरा भाग संपतो तिथे, समोरासमोर दोन गाठी होत्या. गायक, शिक्षक, फेरीवाले यांच्यात सापडतात तशाच, साध्या. मऊ होत्या, जुनाट होऊन कडक झालेल्या नव्हत्या. आवाज लावताना त्या मध्ये येत, फट राहत असे आणि तिथून वारा सुटे. जोर लावला की फट मिटे, पण त्या जोरानंच गाठी वाढत होत्या.

संस्थेत ही बातमी ‘बाईंच्या गळ्यात गाठ आली’ अशी फिरली. दोन दिवस घरी फोनांचा रतीब होता, काही जण तर रडत होते. सहकाऱ्यांना नेमकं काय झालंय ते पहिल्याच दिवशी एकत्र बसवून सांगितलं असतं, तर हे टळलं असतं.

समोरचे पर्याय

फेब्रुवारी ते मे या काळात सहा प्रयोगांचं बुकिंग घेतलेलं होतं. त्यातले चार सुपारीचे, म्हणजे आयोजकांनी ठरीव रकमेला घेतलेले, आगाऊ रक्कम आलेली. तालीमघरात बैठक झाली. दिग्दर्शक, व्यवस्थापक, ऑर्गनवाले काका, तबलजी, बाई आणि बाईंचे यजमान हजर होते.

शस्त्रक्रियेचा आग्रह सर्वांत जास्त होता, कारण ती झटपट वाटते. गाठ काढली, आठवडाभर मौन, संपला प्रश्न. डॉक्टरांनी मात्र साफ सांगितलं होतं की मऊ गाठींवर आधी आवाजाचे उपचार करून बघायचे. आवाज वापरायची सवय तीच राहिली तर काढलेल्या गाठी परत येतात, आणि शस्त्रक्रियेत स्वरतंतूवर व्रण राहण्याचा धोका थोडा का होईना असतोच.

दुसरा पर्याय सगळे प्रयोग रद्द करून तीन महिने गाणं बंद ठेवण्याचा. व्यवस्थापकांनी आकडे मांडले. आगाऊ रक्कम परत करायची तर संस्थेच्या खात्यात पुढच्या नाटकाच्या नेपथ्यालाही पैसे उरत नव्हते. ती खरी अडचण होती, तिला हट्ट म्हणणं अन्यायाचं होईल.

पदं आधी ध्वनिमुद्रित करून प्रयोगात वाजवावीत असंही एकानं सुचवलं. ऑर्गनवाले काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, “मग मला बोलावू नका.” तो विषय तिथेच संपला.

राहिली संस्थेतली तरुण मुलगी. वय तेवीस, बाईंचीच विद्यार्थिनी, ‘सौभद्र’मध्ये सखीचं काम करणारी. सुभद्रेची सगळी पदं तिला पाठ होती, पण रंगमंचावर एकही म्हटलेलं नव्हतं. दिग्दर्शकांना ती कच्ची वाटत होती. बाई गप्प बसल्या होत्या. नंतर त्यांनी मला सांगितलं की त्या क्षणी शस्त्रक्रियेचीही भीती वाटली नाही एवढी या पर्यायाची वाटली. एकदा जागा दिली की परत मिळत नाही, हे त्यांना स्वतःच्या उदाहरणावरून माहीत होतं. त्यांच्या आधीची सुभद्रा वर्षभरानं माहेरी परतली होती. तिला पुन्हा कोणी बोलावलं नाही.

बैठक निर्णयाविना उठली. दिशा मिळाली ती चार दिवसांनी, वाचोपचारतज्ज्ञांकडच्या पहिल्या भेटीत. त्यांनी तासभर नुसते प्रश्न विचारले. शाळेत किती तास बोलता? पाच, कधी सहा. वर्गात किती मुलं? साठच्या घरात, डोक्यावर पंखे. प्रयोगानंतर जेवता कधी? मध्यरात्रीनंतर, आणि लगेच बसमध्ये आडवं. आवाज बसला की काय करता? कुजबुजते. इथे त्यांनी थांबवलं, कारण कुजबुजण्यानं घशाला विश्रांती मिळत नाही, उलट ताण येतो. आणि मग: गाता कोणत्या पट्टीत?

काळी चार.

गुरूंकडे कोणत्या पट्टीत शिकलात?

काळी तीन.

मग बदलली कधी? बाईंना आठवावं लागलं. सतरा वर्षांपूर्वीच्या पहिल्या तालमीत काकांनी पट्टी विचारली होती आणि बाई बोलायच्या आत तबलजी म्हणाले होते, “चारच ठेवा, तबला लागलेला आहे.” आधीची सुभद्रा काळी चारमध्ये गायची. नवी मुलगी, समोर ज्येष्ठ मंडळी. तिनं मान डोलावली. पुढे रेवती, भामिनी, रुक्मिणी सगळ्या त्याच पट्टीत बसल्या. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. एवढंच की पट्टी ठरली ती तबल्याच्या सोयीनं.

फरक एका स्वराचा आहे, ऐकताना किरकोळ वाटतो. बाईंच्या काळी चारमधला तार षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे ४१५ कंपनं, म्हणजे स्वरतंतू तितक्या वेळा एकमेकांवर येऊन आदळतात. काळी तीनमध्ये तोच तार षड्ज ३७० वर येतो. तार पंचमाला चढायचं तर एकीकडे ६२२, दुसरीकडे ५५४. शिवाय प्रश्न नुसत्या संख्येचा नाही. ज्याच्या त्याच्या गळ्याला एक उंची असते, तिच्या पलीकडे सूर लागतो पण रेटून. सतरा वर्षं, दिवसभर वर्गात बोलून आल्यावर, रात्री बाई त्या उंचीच्या पलीकडे गात होत्या.

काय केलं

तीन महिने गाणं बंद, शस्त्रक्रिया नाही, असं ठरलं. सहापैकी दोन प्रयोग रद्द केले, एकाची तारीख ऑगस्टमध्ये ढकलली आणि तीन ‘सौभद्र’चे प्रयोग तरुण मुलीला द्यायचे ठरलं. हा निर्णय शेवटी बाईंनीच घेतला. दिग्दर्शक अजून चाचरत होते. बाईंनी त्यांना फोन करून सांगितलं, “तिची तालीम मी घेते. गाणार नाही, पण बसेन.”

त्या तालमी मी पाहिल्या. बाई वही घेऊन बसायच्या, बोलायच्या नाहीत, लिहून दाखवायच्या. पहिल्या दिवशी मुलीनं काळी चारमध्येच सुरुवात केली, कारण तिनं ऐकलं होतं ते तसंच. बाईंनी हात वर केला आणि वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: “तुझी पट्टी कोणती?” मुलगी काकांकडे बघू लागली. काकांनी ऑर्गनवर पांढरी पाच दिली, मग काळी चार, मग पांढरी सहा, आणि म्हणाले, “घाई नाही, सगळ्यांत गाऊन बघ.” पाऊण तास त्यातच गेला. शेवटी मुलीची पट्टी काळी चारच निघाली. पण या वेळी ती तपासून ठरली होती.

पहिल्या प्रयोगाच्या आधी तिनं हळूच विचारलं, “ताई, तुम्ही विंगेत बसणार का? बसलात तर माझ्यानं उभंच राहवणार नाही.” बाई प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या.

बाईंच्या उपचारांत भपका काही नव्हता. पाण्यात नळी बुडवून तिच्यातून सूर लावणं, ओठ मिटून गुंजन, वाफ, दिवसभर घोट घोट पाणी, रात्रीचं जेवण लवकर. जोरात खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, लावायची त्यांची वर्षानुवर्षांची सवय सोडवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. शाळेच्या मुख्याध्यापकांना त्या भेटल्या, तेव्हा गळ्यात अडकवायचा छोटा माइक वापरायची परवानगी एका वाक्यात मिळाली. इतकी वर्षं तो विचारलाच नव्हता, कारण “मराठीच्या बाईंना माइक कशाला” असं कोणी म्हणेल याची त्यांना लाज वाटायची.

पट्टीचा प्रश्न सर्वांत अवघड गेला. काळी तीनसाठी तबलजींना वेगळा तबला आणावा लागणार होता, आणि नाटकात पुरुष पात्रांची पट्टी निराळी असतेच, म्हणजे आता तीन तबले मांडायचे. ते कुरकुरले. त्यांचा दुसरा मुद्दा गंभीर होता: खाली उतरवलं की पदाची चमक जाते, प्रेक्षकाला ओळखीचं वाटत नाही. यात तथ्य आहे. ‘सौभद्र’चं पद लोकांच्या कानात एका उंचीवर बसलेलं असतं. दिग्दर्शकांनी मग एका संध्याकाळी संस्थेच्या दहा-बारा जुन्या प्रेक्षकांना बोलावलं आणि त्यांना काही न सांगता बाईंच्या जुन्या ध्वनिमुद्रणातलं एक पद दोन पट्ट्यांत ऑर्गनवर वाजवून दाखवलं. बहुतेकांना फरक सांगता आला नाही. दोघांना आला. तबलजींनी नवा तबला आणला.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. एका बाजूची गाठ जवळजवळ विरली होती, दुसऱ्या बाजूला बारीकशी शिल्लक होती. ऑगस्टमधला ‘संशयकल्लोळ’ बाईंनी काळी तीनमध्ये केला. वन्स मोअर घेणार नाही, हे नांदीआधी निवेदनातच सांगितलं. एक आवाज आलाच मागून, पण काकांनी पुढच्या पदाचा षड्ज धरून ठेवला आणि नाटक पुढे गेलं. प्रयोगानंतर एक वयस्कर गृहस्थ येऊन म्हणाले की आवाज पहिल्यासारखा चढत नाही, पण शब्द आज पहिल्यांदा नीट कळले. बाईंना त्यातला पहिला अर्धा भागच लक्षात राहिला.

‘स्वयंवर’ त्यांनी सोडलं. तीन तास त्या ताकदीनं गाणं आपल्या गळ्याला आता झेपणार नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं आणि त्याचं दुःख त्या लपवत नाहीत. ‘सौभद्र’ आता दोघी आलटून-पालटून करतात. दोघींमध्ये पूर्वीचा मोकळेपणा राहिलेला नाही. मुलीचं नाव जाहिरातीत आधी छापलं गेलं तेव्हा एक महिना बोलणं बंद होतं. ते कोणी मिटवलं नाही, हळूहळू निवळलं.

वेगळं काय करता आलं असतं

गोव्यातला दुसरा प्रयोग. इंजेक्शन घेणं चूकच होतं असं मी म्हणणार नाही. एखाद्या अडलेल्या प्रसंगी तज्ज्ञ तो उपाय देतात. पण ते घेतल्यावर वन्स मोअर बंद करणं, दोन पदं गाळणं आणि तिसरा प्रयोग सोडणं हे सगळं शक्य होतं. डॉक्टरांची सूचना व्यवस्थापकांनी ऐकली होती, दिग्दर्शकांपर्यंत ती पोचलीच नाही.

पर्यायी नटी आधीपासून तयार हवी होती. ती नसण्याचं कारण पैसा नव्हता. जुन्या नायिकेला वाईट वाटेल, हे होतं. परिणामी बाईंना आजारपणात, सगळ्यात दुबळ्या क्षणी, ती जागा द्यावी लागली. तीच मुलगी दोन वर्षं आधी वर्षातून एखादा प्रयोग करत असती तर बाईंना तो पराभव वाटला नसता.

उपचारांचा खर्च बाईंनी स्वतः केला. ऑर्गनची दुरुस्ती संस्था करते, तबल्याची शाई संस्था घालून देते, शालूची रफू संस्था करून देते. या बाबतीत बैठकीत विषय निघाला होता आणि ‘तो त्यांचा वैयक्तिक प्रश्न’ म्हणून बाजूला पडला. मला हे अजून पटलेलं नाही. ज्या गळ्यावर तिकीट विकलं जातं तो प्रयोगाच्या दिवशी तरी संस्थेचाही असतो. गेल्या वर्षीपासून सुपारीच्या करारपत्रात दोन ओळी वाढल्या आहेत: आवाजाच्या कारणानं नटी बदलण्याचा हक्क संस्थेकडे राहील, आणि दोन प्रयोगांमध्ये किमान दोन दिवसांचं अंतर असेल. आयोजकांपैकी एकानं सही करायला नकार दिला, त्याचा प्रयोग घेतला नाही. खर्चाची तिसरी ओळ मात्र अजून मसुद्यातच आहे.